घरच्या मिक्समधले ड्रम्स: ईक्यूच्या आधी माइक जुळवा

जॅमरूमचं (बँडच्या सरावाच्या खोलीचं) चार तासांचं भाडं भरून ड्रम्स रेकॉर्ड केले, फाइली पेनड्राइव्हवर घेऊन घरी आलात, सगळे फेडर (ट्रॅकच्या आवाजाच्या सरकत्या पट्ट्या) वर केले, आणि आवाज काय येतो? किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारलेली चापट, स्नेअर (खाली तारा ताणलेला ड्रम) म्हणजे बिस्किटांचा रिकामा डबा, आणि या सगळ्यावर पत्र्याच्या शेडवर पाऊस पडावा तशी हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी.

यानंतर बहुतेक जण एकच गोष्ट करतात. स्नेअर सोलो करायचा (बाकीचे ट्रॅक बंद ठेवून एकटाच ऐकायचा), ईक्यू (वरचे-खालचे सूर कमी-जास्त करायचं साधन) उघडायचा आणि रात्रीचे दोन वाजेपर्यंत एकट्या स्नेअरचा आवाज घडवत बसायचं. सोलो काढला की डबा परत हजर. कारण दोष स्नेअरच्या ट्रॅकमध्ये नव्हताच. तो ट्रॅक आणि बाकीचे सात ट्रॅक यांच्या भांडणात होता.

ड्रम किट हे एकच वाद्य आहे आणि आठ माइकनी ते एकाच वेळी ऐकलेलं आहे. स्नेअरवरची एक थाप स्नेअरच्या माइकला लगेच मिळते, टॉमच्या (बाजूच्या ड्रमच्या) माइकला जरा उशिरा, ओव्हरहेडला (किटच्या वर लावलेल्या माइकला) त्याहून उशिरा. हे आठ कान एकमेकांचा आवाज खोडत असतील तर महागातला महाग प्लगइनही (सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं आवाजाचं साधन) काही करू शकत नाही. ते जुळले तर निम्मा ईक्यू लागतच नाही. खालच्या क्रमात ईक्यू बराच उशिरा येतो तो म्हणूनच.

उदाहरणाला आठ ट्रॅक धरू: किकच्या आत एक माइक आणि बाहेर एक, स्नेअरच्या वर एक आणि खाली एक, टॉम आणि फ्लोअर टॉमला एकेक, आणि दोन ओव्हरहेड. तुमच्याकडे चारच माइक असतील (किक, स्नेअर, दोन ओव्हरहेड) तर वाईट वाटून घेऊ नका. काम कमी आणि बिघडण्यासारखंही कमी.

फाइली उघडल्यावर

पहिल्यांदा सॅम्पल रेट बघा, म्हणजे एका सेकंदात आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घेतले ते. जॅमरूमवाल्याने 48 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं आणि तुमचा प्रोजेक्ट 44.1 वर असेल, तर काही सॉफ्टवेअर फाइल आपोआप बदलून घेतात, काही घेत नाहीत. न घेतल्यास गाणं आठ टक्के संथ आणि जवळपास दीड सेमीटोन खाली वाजतं. ड्रम्स एकटे ऐकताना हे लक्षात येत नाही, ‘स्नेअर जरा जड वाटतोय’ एवढंच वाटतं. गिटार लावली की घोळ कळतो.

मग पातळ्या. प्रत्येक ट्रॅकचा सगळ्यात जोरकस ठोका उणे 10 ते उणे 8 डीबीच्या आसपास (शून्य म्हणजे आवाज फुटायची मर्यादा) येईल असा क्लिप गेन, म्हणजे फाइलचीच पातळी, लावा. फेडरला अजून हात नको. आता प्लगइन न लावता ओव्हरहेड पूर्ण गाणंभर ऐका. कुठे स्टँड हलला, कुठे काठी माइकला लागली, कुठे आवाज फुटलाय, हे कागदावर वेळेसकट लिहून काढा. फुटलेला ठोका दुरुस्त करण्यापेक्षा त्याच गाण्यातला दुसरा चांगला ठोका आठही ट्रॅकवर एकदम कापून तिथे बसवणं सोपं. कापताना आठ ट्रॅक ग्रुप केलेले हवेतच आणि जोडावर 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा वर येणं) हवा. एकटा स्नेअरचा ट्रॅक सरकवलात तर ओव्हरहेडमधला जुना स्नेअर जागेवरच राहतो आणि एका थापेच्या दोन होतात.

अर्थिंग नीट नसलेल्या खोलीत 50 हर्ट्झची घुं रेकॉर्ड होते आणि तिच्या जोडीला 100 आणि 150. सरळ उपाय म्हणजे 50 वर बारीक नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर) लावणे, पण किकच्या ट्रॅकवर तो लावू नका. बऱ्याच किकचं मूळ 50 ते 60 च्या मधेच असतं, म्हणजे घुं काढता काढता किकचं पोटही जाईल. किकवर गेट (ठरलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावा, म्हणजे ठोक्यांच्या मधली घुं जाते आणि ठोक्याखालची ऐकूच येत नाही. स्नेअर आणि टॉमवर तसाही हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) येणार आहे. नॉच फक्त ओव्हरहेडवर, तोही लागलाच तर.

ओव्हरहेड हेच चित्र

आता बाकी सगळं म्यूट करून दोन ओव्हरहेड डावी-उजवीकडे पूर्ण उघडा. पहिला प्रश्न: स्नेअर मधोमध आहे का? एका बाजूला ओढला जात असेल तर दोन्ही माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर नव्हते.

हे नीट मोजता येतं. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. समजा डावा माइक स्नेअरपासून 95 सेंटिमीटरवर आहे आणि उजवा 110 वर. फरक 15 सेंटिमीटर, म्हणजे 0.44 मिलिसेकंद. आवाज दोन्हीकडे सारखाच असला तरी आधी पोहोचणारी बाजू जिंकते, म्हणून स्नेअर डावीकडे झुकतो. मोनोत (दोन्ही बाजू एकत्र करून ऐकलं तर) याहून वाईट: 0.44 मिलिसेकंदांच्या फरकामुळे 1100 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि स्नेअर नाकातून बोलल्यासारखा होतो.

उपाय असा. एक स्वच्छ स्नेअरचा ठोका शोधा, दोन्ही ओव्हरहेड एकाखाली एक ठेवून भरपूर झूम करा आणि लाट जिथून उठते ती जागा दोन्हीकडे बघा. फरक सॅम्पलमध्ये मोजा. वरच्या उदाहरणात 48 किलोहर्ट्झवर तो 21 सॅम्पल भरतो. डाव्या ट्रॅकला तेवढा डिले (उशीर) द्या. रीपरमध्ये याला टाइम अ‍ॅडजस्टमेंट नावाचा छोटा प्लगइन आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक डिले किंवा सॅम्पल डिले असतो. त्यानंतर किक ऐका. ती आता दुसऱ्या बाजूला झुकली असेल तर डिले अर्ध्यावर आणा. दोघांपैकी स्नेअर महत्त्वाचा, कारण किकचा मधला भाग तिचा स्वतःचा माइक भरून काढतो.

पोलॅरिटी: मिक्समधलं सगळ्यात स्वस्त बटण

काठी स्नेअरवर पडते तेव्हा वरची स्किन (ढोलाला आपण पान म्हणतो तेच) खाली जाते, म्हणजे वरच्या माइकपासून दूर. त्याच क्षणी खालची स्किन खालच्या माइककडे येते. एकाची लाट खाली, दुसऱ्याची वर. दोन्ही ट्रॅक तसेच मिसळले की 200 हर्ट्झच्या आसपासचं अंग एकमेकांना खाऊन टाकतं आणि उरतो तो तारांचा खर्र. बिस्किटांच्या डब्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. खालच्या माइकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करा, म्हणजे प्लगइनमधलं तिरकी रेघ मारलेलं शून्य दाबा. बस.

हेच सगळ्या माइकसाठी ओव्हरहेडच्या तुलनेत करायचं. क्रम असा: ओव्हरहेड चालू, त्यात स्नेअरचा वरचा माइक ओव्हरहेडइतक्याच पातळीवर आणा. आता बटण दाबा, सोडा, दाबा, सोडा. ज्या स्थितीत स्नेअर जाड वाटतो ती ठेवा. मग खालचा माइक आणि पुन्हा बटण. मग किकचा आतला, मग बाहेरचा, मग टॉम, मग फ्लोअर टॉम. प्रत्येक वेळी आधी जुळलेले सगळे माइक चालू हवेत. डोळे मिटून ऐका. लाटेचं चित्र बघून ठरवलं तर फसगत होते, कारण ओव्हरहेडमधली लाट उशिरा आलेली असते आणि ‘वर’ दिसणारी टेकडी कदाचित दुसऱ्या आवर्तनाची असते.

किकचे दोन माइक हा मजेशीर मामला आहे. आतला आणि बाहेरचा यांच्यात 45 सेंटिमीटर अंतर असेल तर फरक 1.3 मिलिसेकंदांचा. 60 हर्ट्झला एवढ्या फरकाने फार काही होत नाही, पण 385 च्या आसपास खड्डा पडतो. पुठ्ठ्याच्या खोक्याचा आवाज नेमका तिथेच राहतो! म्हणून हे दोन माइक सॅम्पलभरही न चुकता जुळवले की कधी कधी किक आधीपेक्षा वाईट वाटते. जुळवून ऐका, न जुळवता ऐका, बरं वाटेल ते ठेवा. शिस्तीसाठी म्हणून काही करू नका.

मग जवळचे माइक ओव्हरहेडशी वेळेत जुळवायचे का? स्नेअर ते ओव्हरहेड एक मीटर असेल तर 48 किलोहर्ट्झवर सुमारे 140 सॅम्पल. स्नेअरच्या ट्रॅकला तेवढा डिले दिला की ठोका घट्ट होतो आणि छातीवर येतो. जोरकस रॉकला हे शोभतं. पण त्या तीन मिलिसेकंदांत जागेची खोलीही असते. जॅझ, गझल किंवा ब्रश वापरलेल्या वादनात ती घालवू नका. पोलॅरिटी मात्र प्रत्येक गाण्यात तपासायचीच. आमच्या मते घरच्या मिक्समधले निम्मे ‘पातळ’ ड्रम्स या एका बटणाने सुधारतात.

तुमची खोली काय लपवते

किकच्या ईक्यूला हात लावण्याआधी टेप घ्या आणि खोली मोजा. पुण्यातल्या फ्लॅटमधली बेडरूम पुष्कळदा 10 बाय 11 फूट आणि उंची साडेनऊच्या आसपास. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी ज्या पहिल्या कंपनाला अडकतो ते काढायला वेगाला अंतराच्या दुपटीने भागा. 10 फुटांना 56 हर्ट्झ येतात, 11 फुटांना 51, साडेनऊ फुटांना 59. तिन्ही आकडे किकच्या डोक्यावरच. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर हे सूर जवळजवळ गायब होतात, म्हणून तुम्ही किक वाढवता. भिंतीला पाठ लावून बसलात तर ते फुगतात, म्हणून तुम्ही कमी करता. दोन्ही मिक्स दुसऱ्याच्या गाडीत चुकीचे वाजतात.

टेबल आखूड भिंतीसमोर लावा आणि कान समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण 38 टक्क्यांवर येऊ द्या, म्हणजे 11 फुटांत सव्वाचार फूट. कोपऱ्यांत चार इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनल उभे करा. 48 घनतेचे (किलो प्रति घनमीटर) स्लॅब घ्या, फ्रेमचं लाकूड टिंबर मार्केटमध्ये कापून मिळतं, वरून हवा जाईल असं सुती कापड ताणा. भिंतीवर गोधडी टांगल्याने टाळीचा खणखणाट जातो, 56 हर्ट्झला मात्र गोधडीचा पत्ताही लागत नाही. अंड्याच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको.

एक पाच मिनिटांचं काम: 40 ते 120 हर्ट्झचा साइन सूर (एकाच शुद्ध कंपनाचा) हळूहळू वर नेत वाजवा. कुठे लोखंडी कपाटाचं दार थरथरेल, कुठे खिडकीची सरकती काच. ज्या आकड्यावर थरथरलं तिथे कागदाची घडी खोचा. नाहीतर कपाटाचा आवाज तुम्ही किकमधून काढत बसाल. 80 च्या खालचा निर्णय शेवटी चांगल्या हेडफोनवर आणि स्पेक्ट्रम (कुठल्या कंपनाचा किती जोर आहे त्याचा आलेख) बघून घ्या. त्यासाठी व्हॉक्सेंगो कंपनीचा स्पॅन हा प्लगइन फुकट मिळतो आणि पुरेसा आहे. आणि गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत नदीकाठी पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी किकवर निर्णय घेऊ नका. ढोलाचा ठोका त्याच जागेत येतो आणि बंद खिडकीतूनही येतो.

स्नेअरमधली हाय-हॅट

ब्लीड, म्हणजे एका वाद्याच्या माइकमध्ये शिरलेला दुसऱ्याचा आवाज, शून्यावर आणायचा नसतो. ओव्हरहेडमध्ये सगळं आहेच. जवळच्या माइकमधला थोडा ब्लीड किट एकसंध ठेवतो. त्रास होतो तो स्नेअरच्या माइकमधल्या हाय-हॅटचा, कारण स्नेअर चमकवायला 5 किलोहर्ट्झ वाढवलं की हॅटही वर येते.

नुसत्या पातळीवर चालणारं गेट इथे हरतं. समजा स्नेअरचा हलका घोस्ट ठोका उणे 28 डीबीवर आहे आणि हॅटचा ब्लीड उणे 24 वर. थ्रेशोल्ड (गेट उघडायची पातळी) कुठेही ठेवा, हॅट आत येणार नाहीतर घोस्ट ठोका बाहेर राहणार. म्हणून गेटच्या साइडचेनवर (गेट जे ऐकून उघडतं त्या वाटेवर) फिल्टर लावा: हाय-पास 150, लो-पास (वरचे सूर कापणारा) 400. आता गेट फक्त स्नेअरचं अंग ऐकतं. हॅटकडे त्या पट्ट्यात जवळपास काही नसतं आणि किकचा बहुतेक भाग 150 च्या खाली राहतो. अटॅक (उघडायचा वेळ) 0.5 मिलिसेकंद, होल्ड (उघडं राहायचा) 60, रिलीज (मिटायचा) 120 पासून सुरू करा. आणि गेट पूर्ण बंद होऊ देऊ नका, 10 ते 12 डीबी खाली आलं तरी पुरे. पूर्ण बंद केलं की प्रत्येक ठोक्याबरोबर हॅटही उघडझाप करते आणि ते जास्त टोचतं. ठोक्याचं तोंड कापलं जात असेल तर लुकअहेड (ठोक्याच्या आधीच उघडणं) 1 ते 2 मिलिसेकंद द्या.

टॉमना गेट लावूच नका. अख्ख्या गाण्यात टॉम वीस-तीस वेळा वाजतात; हाताने कापायला पंधरा मिनिटं लागतात. ठोक्याच्या किंचित आधी कापा, शेवटी आस विरेपर्यंत लांब फेड-आउट ठेवा, मधलं सगळं काढून टाका. टॉमचे माइक उगाच उघडे राहिले की किकची प्रत्येक थाप त्यांच्या स्किनला गुंजवते आणि किटखाली एक सततचा घुमारा साचतो. ‘चिखल’ म्हणतात तो बऱ्याचदा हाच.

आता ईक्यू

पहिला फेडर ओव्हरहेडचा, मग स्नेअर, मग किक, मग टॉम. सोलो न दाबता. जवळचा प्रत्येक माइक ओव्हरहेडच्या चित्रात जिथे कमी पडतंय तेवढीच भर घालतो.

किकला खोक्याचा आवाज 250 ते 400 मध्ये असतो. 4 ते 6 डीबी काढायला घाबरू नका. बीटरची टकटक 2.5 ते 5 किलोहर्ट्झ. खालचं वजन 50 ते 65 च्या मध्ये, पण ते वाढवण्याआधी 30 च्या खालचं कापा. फोनच्या स्पीकरला 60 हर्ट्झ वाजवताच येत नाही, तिथे किक फक्त टकटकीवरून आणि थोड्या सॅच्युरेशनने (आवाज किंचित फाटल्याने) तयार झालेल्या वरच्या सुरांवरून ओळखू येते. म्हणून किकवर हलकं सॅच्युरेशन वाया जात नाही.

स्नेअरचं अंग 150 ते 250, फटका 3 ते 5 किलोहर्ट्झ, तारांची सळसळ 7 च्या वर. खालच्या माइकला 200 वर हाय-पास आणि फेडर वरच्या माइकपेक्षा 8 ते 10 डीबी खाली. त्या ‘टण्ण’साठी सगळे जण बारीक बेल (ईक्यूमधला अरुंद उंचवटा) वाढवून इकडून तिकडे फिरवतात आणि जिथे कानाला बोचेल तिथे कापतात. यात फसवणूक आहे: 12 डीबी वाढवल्यावर कुठलाही सूर बोचतोच. त्यापेक्षा स्पेक्ट्रम हळू उतरणारा ठेवा आणि ठोका संपल्यावर सगळ्यात शेवटी कुठली टेकडी उभी राहते ते बघा. समजा ती 620 वर आहे. क्यू (पट्टा किती अरुंद ते) 8 ठेवून तिथे 5 डीबी कापा, बायपास करून (ईक्यू तात्पुरता बंद करून) तुलना करा. एकच टेकडी. पाच-सहा ठिकाणी कापलात तर टण्ण जातो आणि स्नेअरही जातो.

टॉमला 300 ते 500 मधून थोडं काढलं की बहुधा काम होतं. ओव्हरहेडवर हाय-पास 80 ते 100 पर्यंतच न्या. 400 पर्यंत नेऊन फक्त झांजा ठेवायची पद्धत आहे, पण मग वरचं सगळं जुळवाजुळवीचं काम पाण्यात. जॅमरूममधल्या स्वस्त पितळी सिंबल्सचा कर्कशपणा 3 ते 5 किलोहर्ट्झमध्ये असतो. तिथे डायनॅमिक ईक्यूने जोरात वाजल्यावरच 3 डीबी दाबा. 10 किलोहर्ट्झची ‘हवा’ वाढवायची असेल तर जेवण झाल्यावर, ताज्या कानांनी.

कॉम्प्रेसर: अटॅक ऐकायला शिका

कॉम्प्रेसर (ठरलेल्या पातळीच्या वरचा आवाज दाबणारं साधन) लावला आणि ड्रम्स लहान झाले, ही तक्रार ज्याच्या त्याच्या तोंडी असते. जवळपास प्रत्येक वेळी अटॅक (दाबायला लागणारा वेळ) फार जलद असतो. 1 मिलिसेकंद अटॅक म्हणजे काठीचा फटका कानापर्यंत पोहोचायच्या आत दाबला, आणि मागचा धप्प तेवढा उरला.

कानाला वळण लावायला हे करा. स्नेअरवर रेशो (दाबायचं प्रमाण) 4:1, रिलीज (दाब सोडायचा वेळ) 100 मिलिसेकंद, थ्रेशोल्ड मुद्दाम इतका खाली की 10 डीबी दाबलं जातंय. अटॅक 0 वर न्या: फटका गायब. आता तो हळूहळू वाढवत जा. 15 ते 30 मिलिसेकंदांच्या मध्ये कुठेतरी ‘फट्’ परत उमटतो. तिथे थांबा. मग थ्रेशोल्ड वर घेऊन दाब 4 ते 6 डीबीवर आणा. रिलीजची कसोटी सोपी: पुढचा ठोका येण्याआधी काटा शून्यावर आला पाहिजे. 120 च्या लयीत आठव्या मात्रांमध्ये 250 मिलिसेकंद असतात, तेव्हा किकला 300 चं रिलीज दिलं तर दुसरा ठोका आधीच दबलेला निघतो आणि वादक दमल्यासारखा वाटतो.

आवाज भरघोस हवा असेल तर तो पॅरलल बसमधून (मूळ ड्रम्सच्या जोडीला वाजणाऱ्या त्यांच्याच वेगळ्या प्रतीतून) आणा. सगळे ड्रम्स एका सेंडवर, तिथे रेशो 10:1, अटॅक 2 ते 3 मिलिसेकंद, 15 डीबी दाबून चिरडून टाका. हा फेडर पूर्ण खाली ठेवा आणि हळूहळू वर आणा. ‘आता ऐकू येतोय’ असं वाटलं की 2 डीबी मागे घ्या. हॅट सळसळायला लागली तर या सेंडमध्ये ओव्हरहेड पाठवू नका, किक-स्नेअर-टॉम पुरेत. शेवटी ड्रम बसवर (सगळे ड्रम्स एकत्र येतात त्या ट्रॅकवर) 2:1, अटॅक 30, दाब 1 ते 2 डीबी. एवढाच गोंद.

सॅम्पल आणि रिव्हर्ब

जॅमरूमचा स्नेअर वर्षभर त्याच स्किनवर वाजत असतो, तेव्हा सॅम्पल (इथे अर्थ: आधीच रेकॉर्ड केलेला तयार ठोका) जोडण्यात लाज कसली. पण बदली म्हणून नव्हे, आधार म्हणून: मूळ स्नेअरच्या 6 ते 10 डीबी खाली. सॅम्पलचं पहिलं आवर्तन मूळ ठोक्याच्या दिशेनेच, वर असेल तर वर, उठायला हवं. झूम करून तपासा, पोलॅरिटीचं बटण पुन्हा दाबून बघा. घोस्ट ठोक्यांवर सॅम्पल नको आणि सगळ्या ठोक्यांवर एकाच जोराचं सॅम्पल तर मुळीच नको, नाहीतर रोल वाजला की शिवणयंत्र सुरू होतं.

सॅम्पलचा खरा फायदा वेगळाच आहे. त्यात हाय-हॅट नसते. म्हणून रिव्हर्बला (खोलीचा घुमारा तयार करणाऱ्या प्लगइनला) मूळ स्नेअरऐवजी सॅम्पल पाठवा. रिव्हर्ब स्वच्छ येतो आणि हॅटचा धूर होत नाही. प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर) 15 ते 20 मिलिसेकंद, लांबी 0.8 ते 1.2 सेकंद, रिव्हर्बच्या आधी हाय-पास 250 आणि लो-पास 7 किलोहर्ट्झ.

गालिचा ठोकलेल्या छोट्या जॅमरूममध्ये रूम माइक (किटपासून दूर, खोलीचा आवाज घेणारा) लावून फारसं काही मिळत नाही. गालिचा वरचे सूर खातो, खालचे सोडतो, आणि माइकला फक्त बंद कपाटातला घुमारा मिळतो. त्याऐवजी अर्ध्या सेकंदाचा रूम प्रकारचा रिव्हर्ब घ्या आणि त्यात ओव्हरहेड आणि स्नेअर पाठवा, किक अजिबात नको. किट एका खोलीत उभं असल्यासारखं वाटेल.

पुन्हा रेकॉर्ड करायची सोय असेल तर

मग वरच्यातलं निम्मं वाचतं. स्नेअरची स्किन नवी घ्या. प्रत्येक लगपासून (स्किन ताणणाऱ्या स्क्रूपासून) इंचभर आत बोटाने ठोकून सगळीकडे एकच सूर येईपर्यंत ड्रमची किल्ली फिरवा, समोरासमोरच्या लगना जोडीने. टण्ण राहिलाच तर रुमालाची घडी टेपने कडेला चिकटवा. स्नेअरच्या कार्डिऑइड माइकची पाठ हॅटकडे करा. त्याला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. दोन्ही ओव्हरहेडचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर दोरीने मोजा, वरचा 21 सॅम्पलचा उद्योग तिथेच मिटतो. छताचा पंखा बंद. जुलैत कंडेन्सर माइक पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा; दमट हवेत त्यांना तडतड येते आणि ती ऐन शांत जागी ऐकू येते. आणि वादकाला हात जोडून सांगा: हॅट हळू, स्नेअर जोरात. हे एक वाक्य गेटपेक्षा जास्त काम करतं.

गाण्यात बसवताना

ड्रम्स चांगले वाटले की बेस गिटार लावा आणि दोघांपैकी खाली कोण बसणार ते ठरवा. किक 55 वर असेल तर बेसला 80 ते 100 ची जागा द्या, उलट असेल तर उलट. दोघांना एकाच मजल्यावर राहायचं असेल तर किकच्या साइडचेनवर बेस 2 ते 3 डीबी दाबा. गाण्यात ताशाही असेल तर तो आणि स्नेअर 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये एकमेकांच्या अंगावर येतात; एकाला मध्ये ठेवा, दुसऱ्याला बाजूला, आणि दोघांनाही चमक देण्याचा मोह आवरा.

आता सगळं मोनो करा, आवाज इतका कमी की स्वयंपाकघरातला मिक्सर ऐकू येईल. स्नेअर आणि मुख्य आवाज एवढे दोन स्पष्ट हवेत, किक जाणवायला हवी. मोनोत सिंबल्स अचानक पोकळ झाले किंवा स्नेअर मागे गेला तर पुन्हा ओव्हरहेडच्या डिलेकडे जा. मग फोनवर ऐका आणि रिक्षात मागे असतो तशा एखाद्या साध्या स्पीकरवर.

एक्सपोर्ट करताना शेवटच्या क्रॅश झांजेनंतर आठ-दहा सेकंद जास्त घ्या. स्क्रीनवर लाट संपलेली दिसते तेव्हा झांजेची आस अजून चालू असते, आणि रिव्हर्ब तर ट्रॅक संपल्यावरही वाजत राहतो.